पश्चिमेची भिंत: सड्यावरच्या चिरेबंदी घराला बाहेरून आवरण घालताना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर, असलेल्या घराची पश्चिमेची भिंत आम्ही ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात बाहेरून पूर्ण बदलून घेतली. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं, समुद्र चार-पाच किलोमीटरवर आणि मध्ये वारा अडवायला काही नाही. असं घर ज्यांचं आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी पश्चिमेच्या अंगाचा रंग पोपड्यांनी गळून पडतो, त्यांना कुठलं काम कधी करायचं, त्याला किती खर्च येतो आणि गाडं कुठे अडतं हे एका जागी वाचायला मिळावं म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

पाहणी पाऊस सरल्यासरल्या करावी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात भिंत जे दाखवते ते डिसेंबरात दिसत नाही, सगळं वाळून एकसारखं होतं. ओल कुठून येते हे आधी ठरलं पाहिजे, कारण तीन वाटांच्या ओलीला तीन वेगळे उपाय आहेत. जमिनीतून चढणारी ओल जोत्यापासून साधारण तीन फुटांपर्यंत सलग पट्ट्यासारखी दिसते आणि वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटतो. छपरातून उतरणारी वरून ओघळत येते. झडीची, म्हणजे वाऱ्याने तिरप्या येणाऱ्या पावसाची, ओल मात्र भिंतीच्या मधोमध आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांशी डाग पडल्यासारखी उमटते. आमच्याकडे ही तिसरी होती. खात्रीसाठी आतून भिंतीवर दोन फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा, त्याला भिंतीचा खर्च करून उपयोग नाही.

मग बाहेरचा गिलावा लाकडी मुठीने ठोकत जायचं आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करायची. निम्म्याहून जास्त भिंत पोकळ वाजत असेल तर डागडुजीत पैसे घालू नयेत. आमची तशीच वाजत होती.

गिलावा सुटतो कशामुळे? जांभा पाणी पिणारा दगड आहे. चिऱ्यांसाठीचं भारतीय मानक वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषण चालवून घेतं. त्यावर सिमेंटचा ताठ गिलावा बसतो. उन्हाने त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि झडीचं पाणी त्या भेगांतून आत जातं. बाहेरून जलरोधक रंगाचा जाड थर असल्यामुळे ते तसंच अडकून राहतं. ऑक्टोबरच्या उन्हात त्याची वाफ होते आणि रंग फुगतो. पुढच्या वर्षी आणखी जाड रंग लावला की वाफेची वाट आणखी बंद होते. रंगाच्या डब्यावर कितीही वर्षांची हमी असो, ओल्या चिऱ्यावर ती टिकत नाही, आणि हमीच्या कागदावर ओली भिंत बहुतेक वेळा वगळलेलीच असते. तो कागद आधी वाचावा.

म्हणून आमचा निर्णय असा झाला: पावसाने भिंतीला लागायचंच नाही, आणि आवरण व भिंत यांच्यामध्ये हवा खेळती राहिली पाहिजे. शेतातलं इरलं हेच करतं, वरून पाणी निथळतं आणि खाली अंगाला वारा लागतो. पूर्वी माडाच्या झावळ्यांचे झाप विणून पश्चिमेला बांधायचे, त्यांचंही काम हेच होतं, फक्त ते दर वर्षी नवे लागायचे.

आवरणाआधी छपराचं पाणी. वळचणीतून पडणाऱ्या पागोळ्या खालच्या लाल मातीत आपटून दोन फुटांपर्यंत भिंत रंगवतात आणि भिजवतात. त्यामुळे पन्हळ अनिवार्य. हिशेब सोपा आहे. ३२ फूट लांब आणि १६ फूट उताराच्या पाखीचं क्षेत्र साधारण ४७ चौरस मीटर. ताशी १०० मिमी पाऊस धरला तर तासाला ४,७०० लिटर, म्हणजे सेकंदाला सव्वा लिटरहून थोडं जास्त. सहा इंची पीव्हीसी पन्हळ आणि दोन्ही टोकांना ११० मिमीचे उतरते पाइप हे पाणी आरामात नेतात. ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर लावावेत. तीन फुटांवर लावले की भरलेली पन्हळ मध्ये लवते आणि पाणी नेमकं भिंतीवर सांडतं. पाइपच्या तोंडाशी जाळी हवी, कारण आंब्या-फणसाची पानं पहिल्याच पावसात तोंड बुजवतात.

नोव्हेंबर दर मागवण्यात गेला. आमची भिंत ३२ फूट बाय ११ फूट. तीन खिडक्या वजा जाता सुमारे ३०० चौरस फूट. जुना गिलावा काढून जलरोधक द्रव्य घातलेला दोन थरांचा नवा गिलावा आणि रंग यांचा दर चौरस फुटाला ९० ते १०० रुपये निघाला. सगळ्यात स्वस्त हाच, आणि तीन वर्षांत पुन्हा त्याच जागी आणणाराही हाच. रंगीत पत्र्याला सांगाड्यासकट दीडशेच्या आसपास. पत्रा मी मुळीच कमी लेखत नाही. सड्यावरची अनेक घरं पश्चिमेला पत्रा मारून कोरडी राहिली आहेत आणि हात आखडता असेल तर मी तोच सुचवीन. तिथे तीन गोष्टी पाहाव्यात: पत्रा ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला असावा, ओल्या सिमेंटला किंवा चुन्याला तो थेट टेकू नये, आणि कापलेल्या कडा खाली तोंड करून राहाव्यात. गंज नेहमी कापलेल्या कडेपासून आणि स्क्रूच्या भोकापासून सुरू होतो. आमची अडचण आवाजाची होती. निजायची खोली त्याच भिंतीला लागून आहे आणि झडीत पत्रा रात्रभर वाजतो.

लाकूडसदृश प्लास्टिकच्या फळ्या दिसायला देखण्या. पण बाजारात त्या नावाने मिळणारा बराच माल आतल्या फर्निचरसाठीचा फोम असतो. उन्हात तो वाकतो आणि फिका पडतो. बाहेरच्या दर्जाचं जाड लॅमिनेट उत्तम, पण बसवून सहाशेच्या पुढे. उरल्या फायबर सिमेंटच्या फळ्या, ज्यांना दुकानदार प्लँक म्हणतात. सिमेंट, वाळू किंवा राख आणि कागदाच्या लगद्यातला तंतू. वाळवी खात नाही, कुजत नाही, जळत नाही. ८ इंच रुंद, १० फूट लांब, ८ मिमी जाड, एकेक साडेसहा किलोच्या आसपास, म्हणजे परांचीवर एक माणूस सहज हाताळतो. घेताना दोन प्रश्न विचारावेत: ॲस्बेस्टॉसविरहित आहे का, आणि आयएस १४८६२ या मानकातला ‘ए’ प्रकार आहे का. ‘ए’ प्रकार ऊन-पाऊस झेलण्यासाठी असतो. ‘बी’ आतल्या कामासाठी, तो थोडा स्वस्त असतो आणि न विचारता माथी मारला जातो. आमची निवड या फळ्यांचीच ठरली, पण फक्त पश्चिमेसाठी. उरलेल्या तीन भिंतींना झड जवळजवळ लागत नाही, त्यांना आवरण घालणं म्हणजे पैसे वाया.

डिसेंबरात कागद. घर आजोबांच्या नावावर, नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीच्या घरनोंदीच्या) उताऱ्यावर आणखी तीन सहहिस्सेदार. ग्रामपंचायतीत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की गिलावा, रंग, आवरण, कौलं परतणं ही दुरुस्ती आहे, नुसती लेखी कळवणी पुरे. पडवी वाढवली किंवा छप्पर खांबांवर पुढे आणलं तर मात्र रीतसर अर्ज करायचा, तो मासिक सभेपुढे जाणार आणि घरपट्टीची फेरआकारणी होणार. पडवी वाढवायचा विचार आम्ही तिथेच सोडला. सहहिस्सेदारांची संमतीपत्रं साध्या कागदावर चालली, पण ती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक काका मुंबईला, एक बडोद्याला. सही करून मूळ कागद टपालाने यायला जो वेळ लागतो तो कामाच्या वेळापत्रकात आधीच धरावा. मला सगळ्यात जास्त धाकधूक याच टप्प्यावर वाटली, कारण भिंतीचं काम मिस्त्री करतो, माणसांची मनं आपल्यालाच सांभाळावी लागतात. फोनवर नुसतं ‘दुरुस्ती’ न म्हणता भिंतीचे फोटो आणि खर्चाचा कागद पाठवला, तेव्हा सगळ्यांनी आनंदाने सह्या दिल्या.

विजेचा मीटर याच भिंतीवर होता. सील आपण तोडायचं नसतं, सुताराने किंवा गवंड्याने तर नाहीच. वीज कंपनीच्या कार्यालयात मीटरची जागा बदलण्याचा अर्ज, शेवटचं भरलेलं बिल आणि परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल द्यावा लागला. अर्ज डिसेंबरात दिला, मीटर जानेवारीच्या अखेरीस उत्तरेच्या भिंतीवर गेला. ही वाट पाहणं टाळता येत नाही म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाकावा.

ठेकेदाराशी करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला. ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० चा मुद्रांक चालत नाही. करारात फळीची जाडी आणि प्रकार, स्क्रूचा धातू, सांगाड्यातलं अंतर ही सगळी मापं लिहिली, आणि शेवटचे १० टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचं कलम घातलं. चांगला कारागीर या कलमाला नाही म्हणत नाही.

डिसेंबरच्या मध्यात जुना गिलावा छिन्नीने उतरवला. यंत्राने उतरवू नये, चिऱ्याच्या कडा फुटतात. भिंत दीड-दोन महिने उघडी ठेवली. इतकी जाड भिंत आत भिजलेली असते आणि वरून कोरडी दिसते. फेब्रुवारीपर्यंत उघडी ठेवणं हा या सगळ्या कामातला फुकटचा आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. जानेवारीत दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, तीन चतुर्थांश इंच खोल खरवडून चुन्याने भरल्या: १ भाग मुरवलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग नदीची धुतलेली वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ पुढे लोणा होऊन बाहेर येतं. दरजांत सिमेंट नको, कारण ते चिऱ्यापेक्षा कठीण असतं आणि मग झिजायची पाळी चिऱ्यावर येते. चुना सावकाश वाळला पाहिजे, म्हणून आठवडाभर ओली गोणपाटं लावली.

फेब्रुवारीत सांगाडा. लोखंडी चौकट समुद्राच्या हवेत आतल्या आत सडते आणि आवरणामागे असल्यामुळे दिसतही नाही. म्हणून ५० बाय २५ मिमीचे ॲल्युमिनियमचे पोकळ पाइप उभे लावले, ४०० मिमी अंतरावर. खिडक्यांभोवतीचे धरून सुमारे १०० मीटर माल लागला. पाइप आणि भिंत यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टपाशी ५ मिमी प्लास्टिकची चकती घातली, कारण ओला चुना ॲल्युमिनियम खातो. याच चकत्या कमी-जास्त करून पाइप ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, आणता येतात. चिरेबंदी भिंत कधीच एका पातळीत नसते, आमच्या भिंतीत वर-खाली पाऊण इंचाचा फरक निघाला.

चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवायचा. नाहीतर भोक घंटेसारखं पसरतं आणि नायलॉनची खुंटी गोल फिरत राहते. १० मिमीचं भोक, ८० ते ९० मिमी खोल, नळीने फुंकून साफ केलेलं, दर दोन फुटांवर एक. चिऱ्यात मध्येच मऊ पिवळी माती लागते. तिथे जाळीची नळी घालून रासायनिक अँकर (भोकात भरून घट्ट होणारा गोंद) भरावा. भोक दरजेत नको, चिऱ्याच्या पोटात हवं. प्रत्येक पाइप दोन्ही हातांनी ओढून पाहावा, सड्यावरचा वारा त्याहून जोरात ओढणार आहे.

स्क्रूच्या बाबतीत खिशात लोहचुंबक ठेवा. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जेमतेम चिकटतो किंवा चिकटतच नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाला आणि ४१० दर्जाच्या स्टीलला घट्ट चिकटतो, आणि हे दोन्ही खाऱ्या हवेत गंजतात. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला डबा चुंबकाला चिकटला आणि परत गेला. करारात धातू लिहिलेला असल्यामुळे वाद झाला नाही. ३०४ चे स्क्रू स्वतः भोक पाडत नाहीत, आधी ३ मिमीचं भोक पाडून घ्यावं लागतं. त्यात वेळ जातो, म्हणून कारागीर टाळायला बघतात.

फळ्या मार्चमध्ये आल्या. ३० मिमी एकमेकींवर चढवल्या की प्रत्येक ओळ १७० मिमी दिसते. ११ फुटांत २० ओळी, खिडक्या वजा करून ५६ फळ्या आणि कापाकापीसाठी १० टक्के जादा, म्हणजे ६२. त्या जमिनीवर ठेवू नका आणि भिजू देऊ नका. ओली फळी बसवली तर वाळताना आखडते आणि जोड उघडतात. बसवण्यापूर्वी प्रत्येक फळीला पुढून, मागून आणि चारही कडांना अल्कलीरोधक प्रायमर लावला. मागची बाजू नंतर कधीच हाती येत नाही. कापलेली प्रत्येक कड त्याच दिवशी पुन्हा प्रायमरने बंद करायची. कापणं उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि एन-९५ मुखपट्टी लावून. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते. साधा रुमाल पुरत नाही, हे कारागिराला ठामपणे सांगा आणि मुखपट्ट्या आपणच आणून द्या.

सगळ्यात खाली आधी ८ मिमीची पट्टी, म्हणजे पहिली फळी वरच्या फळ्यांइतकीच तिरपी बसते. पहिल्या फळीची खालची कड जमिनीपासून ८ इंच वर. फळ्यांमागच्या पोकळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमची भोकांची पट्टी लावली, हवा जाते आणि उंदीर, पाली, साप जात नाहीत. वर वळचणीखाली अर्ध्या इंचाची फट ठेवली. ही फट कारागीर सवयीने सीलंटने बुजवतात. समोर उभं राहून ती उघडी ठेवून घ्यावी. खालून आत आणि वरून बाहेर, एवढ्यावरच सगळी भिंत वाळते. स्क्रू फळीच्या वरच्या कडेपासून २५ मिमीवर, टोकापासून १२ मिमी तरी आत, म्हणजे पुढची फळी तो झाकते. फळीच्या पृष्ठाशी टेकला की थांबायचं, आणखी पिळला तर फळीला चीर जाते. दोन फळ्यांचा जोड पाइपवरच यावा, मध्ये ३ मिमी फट आणि मागे ॲल्युमिनियमची छोटी पट्टी. एकाखाली एक अशा दोन ओळींत जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत.

खिडक्यांनी एप्रिल खाल्ला. गळती जवळजवळ नेहमी इथेच होते. खिडकीच्या डोक्यावर दुमडलेल्या ॲल्युमिनियमची पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार, दोन्ही टोकं वर वळवलेली, आणि तिच्या वरच्या फळीखाली पाव इंच मोकळी जागा. ही जागा बंद केली की मागून आलेलं पाणी खिडकीतच उतरतं. खालच्या उंबरठ्याला बाहेर उतार, फळीच्या पुढे दीड इंच, आणि खालच्या अंगाला खाच, म्हणजे थेंब तिथेच तुटून पडतो. बाजूच्या फटींत रंग धरणारं पॉलियुरेथेन सीलंट वापरलं. आंबट वासाचं सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही आणि ते सिमेंटलाही चांगलं नाही. शेवटी बाहेरच्या वापराच्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. रंग फिका निवडला, गडद रंगाची फळी पश्चिमेच्या उन्हात जास्त तापते आणि हलते.

आमचा बेत १५ मेपर्यंत परांची उतरवण्याचा होता आणि तसंच झालं, ते फार बरं झालं. २०२५ साली मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच कोकणात जोराचा पाऊस लागला. २४ मे रोजी अरबी समुद्रातला कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी आणि दापोली यांच्यामध्ये किनाऱ्याला लागलं आणि दुसऱ्याच दिवशी मान्सून देवगडपर्यंत पोचला. मृगाच्या भरवशावर काम ठेवलेल्यांच्या उघड्या भिंती भिजल्या. यापुढे ७ जून ही तारीख धरून बाहेरचं काम आखू नये.

पावसात आतून खिडक्यांचे कोपरे आणि दर दोन फुटांवर भिंत हाताने चाचपली. दक्षिणेकडच्या खिडकीच्या एका कोपऱ्यात ओलसर डाग आला. वरच्या पट्टीचं टोक पुरेसं वळवलेलं नव्हतं, उघडीप मिळताच ते दुमडून घेतलं आणि डाग थांबला. बाकी भिंत जुलैच्या झडीतही कोरडी होती. निजायच्या खोलीतला कुबट वास गेला, याचा घरातल्या सगळ्यांना झालेला आनंद खर्चाच्या हिशेबात मांडता येत नाही.

हिशेब असा: फळ्या २८,०००, ॲल्युमिनियम २०,०००, अँकर आणि स्क्रू ९,०००, पट्ट्या, जाळी व सीलंट ८,०००, प्रायमर-रंग ९,०००, मजुरी परांचीसकट २७,०००, वाहतूक ४,०००. एकूण १,०५,०००, म्हणजे चौरस फुटाला ३५० रुपये. गिलावा काढणं आणि दरजा भरणं २२,५००, पन्हळ १४,०००. मीटरचा खर्च वेगळा. दर तीन वर्षांनी रंग देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं असं मी म्हणणार नाही, पैशांची भरपाई व्हायला फार वर्षं लागतील. कोरडी खोली हवी असेल तर हा खर्च योग्य आहे.

देखभाल थोडी आहे, पण आहे. ऑक्टोबरात मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने शेवाळ धुणं. उच्च दाबाचा फवारा नको, तो पाणी फळ्यांच्या मागे ढकलतो. मे महिन्यात पन्हळ साफ करणं, खालच्या जाळीतली कोळिष्टकं आणि कुंभारमाशीची घरं काढणं, खिडक्यांचं सीलंट बोटाने दाबून पाहणं. सीलंट सात-आठ वर्षांत आणि रंग दहा वर्षांच्या आसपास पुन्हा करावा लागेल असं धरून चाललो आहोत. उरलेल्या चार फळ्या माळ्यावर आडव्या ठेवल्या आहेत, आणि रंगाचा क्रमांक मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहिला आहे.